आयरिसचे कंद दर जुलैत सडतात? औषधाआधी पाणी कुठे थांबतं ते बघा

मे महिन्यात भरभरून फुललेला दाढीवाला आयरिस (बेअर्डेड आयरिस, फुलाच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेला) जुलैत अचानक मान टाकतो. पानांचा पंखा बुडाशी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि एका सकाळी दोन बोटांनी धरून जरा हलवलं की अख्खा हातात येतो. खाली आल्याच्या गड्ड्यासारखा टणक कंद असायला हवा, तिथे पांढुरका-पिवळा लगदा असतो. वास पोत्याच्या तळाशी नासलेल्या बटाट्याचा. हात दोनदा धुतले तरी जात नाही.

न्यू जर्सीच्या मध्य भागात, सॉमरसेट काउंटीतल्या आमच्या घरी मी हे सलग तीन उन्हाळे पाहिलं. दर वेळी कंद खरवडले, औषध लावलं, गेलेल्या जागी नवे आणून लावले, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. एडिसनपासून ब्रिजवॉटरपर्यंत ओळखीच्या चार-पाच मराठी घरांत हीच तक्रार ऐकली, म्हणून जे समजलं ते सगळं लिहून काढते आहे. माझ्या अनुभवात सड ही शेवटची पायरी असते. सुरुवात मातीत होते, आणि तीही बरीच आधी.

कंद उपटून नीट बघा

सगळ्या सडण्याला एकच उपाय नाही, त्यामुळे आधी एक आजारी कंद उकरून बाहेर काढायचा आणि उजेडात बघायचा. लगदा झालाय आणि घाण वास येतोय, तर ती जिवाणूंची मऊ सड. कंद आतून पोकळ आहे, भुसा भरल्यासारखा दिसतोय, आणि आत गुलाबीसर अंगाची, तपकिरी डोक्याची दीड-दोन इंची अळी आहे, तर तो आयरिस बोरर. पानांच्या बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीच्या दाण्यांसारखे लालसर-तपकिरी गोळे दिसले तर ती बुरशी. या बुरशीसाठी आजारी झाड आजूबाजूच्या तीन-चार इंच मातीसकट उचलून कचऱ्यात टाकायचं, कंपोस्टच्या ढिगात नाही. ते मोहरीचे दाणे म्हणजेच तिचं बी, आणि मातीत ते काही वर्षं टिकतात.

चौथी गोष्ट मात्र रोगच नाही, आणि तिच्यापायी मी पहिल्या वर्षी चांगली झाडं उपटून फेकली. ज्या कंदाला एकदा फुलाचा दांडा येतो, त्याला पुन्हा कधीच फूल येत नाही. केळीचा घड उतरला की त्या खुंटाचं काम संपतं आणि पुढचं पीक पिलांवर येतं, तसंच. आयरिसचा जुना कंद हळूहळू सुरकुततो, हलका होतो, बुचासारखा कोरडा पडतो. त्याला वास येत नाही आणि बाजूची पिलं हिरवीगार असतात. असं दिसलं तर हात लावायचं कारण नाही. घाण वास आणि ओलेपणा, या दोनच गोष्टी काळजीच्या.

तपकिरी ठिपक्यांनी पानं भरली तर तो पानावरचा बुरशीजन्य रोग. दिसायला वाईट, पण त्याने कंद मरत नाही. ठिपक्याची पानं कापून टाकली की भागतं.

माझं पहिलं चुकलं ते भरणीत

माझं माहेर वाई तालुक्यातलं. हळदीच्या रानात लहानपण गेलं, त्यामुळे कंद म्हटलं की हात आपोआप चालतात. हळदीला अडीच-तीन महिन्यांनी भरणी करायची, सरीतली माती उचलून गड्ड्यांवर चढवायची. गड्डा उघडा पडला की कंदमाशी अंडी घालते, म्हणून एकही गड्डा मातीबाहेर दिसू द्यायचा नाही. हे इतकं अंगात भिनलेलं की शेजारच्या आजींनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये जांभळ्या आयरिसचे आठ कंद कागदी पिशवीत घालून दिले, तेव्हा मी ते दोन इंच खोल पुरले, वर माती चढवली, आणि वर लाकडाच्या भुशाचा मल्च म्हणजे आच्छादन पसरलं.

आयरिसला नेमकं याच्या उलट लागतं. त्याच्या कंदाची पाठ उघडी हवी, ऊन लागेल अशी. जगात हे झाड मूळचं जिथलं, ते भूमध्य समुद्राच्या आसपासचे खडकाळ, कोरडे उतार. उन्हाळ्यात तिथे पाऊस नसतोच आणि कंद दगडांवर तापत पडलेला असतो. आपल्याकडे जे काश्मीरला एप्रिलमध्ये गेलेत, त्यांनी जुन्या कबरस्तानांत पांढरे-जांभळे आयरिस पाहिले असतील. तिथे मातीचा उंचवटा असतो, पाणी थांबत नाही, आणि कुणी खत-पाणी करत नाही तरी ते पिढ्यान्‌पिढ्या फुलतात.

न्यू जर्सीचा पाऊस मात्र वर्षभर येतो. वाईसारखे चार महिने पाऊस आणि मग उघडीप, असं इथे नाही. वर्षाचा सुमारे ४५ इंच पाऊस बारा महिन्यांत वाटला जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो दमट उकाड्यात वादळी सरींनी कोसळतो. गरमी, ओल आणि मातीखाली झाकलेला कंद, मऊ सडीच्या जिवाणूला एवढंच हवं असतं. त्यात अंगणात हिरवळीसाठी लावलेला आपोआप चालणारा फवारा रोज पहाटे पाणी मारत असेल तर बघायलाच नको. आमचा मारत होता.

भरणी काढली, मल्च काढला, फवाऱ्याचं तोंड वळवलं. २०२० मध्ये चार दांडे फुलले आणि मला वाटलं, सुटलं. जुलैत तीन कंद गेले.

माती बघितली तेव्हा

माहेरी आबांना फोनवर सांगितलं, फोटो पाठवले. ते म्हणाले, "औषधाचं नंतर बघ गं. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी तिथं उभी राहून बघ, पाणी कुठं थांबतंय." मी ते केलं नाही. वाटलं, माती खराब आहे तर चांगली भरू. दीड फूट खोल खड्डा घेतला, तळाला खडी टाकली, वर पिशवीतलं कंपोस्ट आणि विकतची वरच्या थराची माती भरली आणि उरलेले कंद लावले.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस आला. रॅरिटन नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, त्यापुढे माझ्या वाफ्याचं दुःख काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तिथे उभी राहिले आणि आबांनी काय सांगितलं होतं ते दिसलं. आजूबाजूच्या हिरवळीवरून पाणी ओसरलं होतं. माझ्या वाफ्यात मात्र काठोकाठ भरलं होतं, आणि पानांचे पंखे त्यात उभे होते. तीन दिवस.

मी खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली म्हणजे चिकणमातीत एक टब तयार केला होता. आजूबाजूच्या मातीत पाणी शिरत नाही, ते सगळं त्या पोकळ जागेत येऊन बसतं आणि जायला वाट नसते. खालच्या खडीचाही उपयोग होत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय जाड खडीत उतरतच नाही, त्यामुळे खडीने उलट पाणी मुळांच्या आणखी जवळ वर ठेवलं. बरेच जण कुंड्यांतही तळाला खडी घालतात. तिथेही हेच होतं.

मग मातीकडे वळले. इथली माती लालसर. मध्य न्यू जर्सीत खाली लाल शेल खडक आहे, त्याची ती माती. रंगावरून मला महाबळेश्वरच्या मातीची आठवण यायची आणि म्हणून मी गृहीत धरलं होतं की निचरा चांगला असणार. रंग महाबळेश्वरचा असला तरी वागणं काळ्या भारी रानासारखं निघालं. त्यात नवी वसाहत बांधताना वरची कसदार माती खरवडून नेलेली, खालचा थर यंत्रांनी दाबून टाकलेला, आणि त्यावर चार इंच माती पसरून हिरवळीच्या लाद्या अंथरलेल्या. फावडं चार इंचांनंतर खटकन थांबायचं.

घरी करण्यासारख्या दोन परीक्षा आहेत, दोन्ही करा. पहिली काचेच्या बरणीतली. एक तृतीयांश बरणी माती, वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, झाकण लावून पाच मिनिटं हलवायची आणि ठेवून द्यायची. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू. दोनेक तासांत तिच्यावर बसतो तो गाळ. त्यानंतर जे बसतं ती चिकण. माझ्या बरणीतलं पाणी दुसऱ्या दिवशी चहासारखं होतं आणि तिसऱ्या दिवशी निवळलं. चिकणीचा थर एकूण मातीच्या तिसऱ्या हिश्शाहून जाड.

दुसरी परीक्षा खड्ड्याची, आणि आयरिससाठी तीच महत्त्वाची. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा. पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, मग पुन्हा भरायचा आणि पट्टी लावून तासाला किती उतरतं ते मोजायचं. तासाला एक-दोन इंच उतरलं तर ठीक. माझ्याकडे दुसऱ्यांदा भरल्यावर तासाभरात अर्धा इंचही उतरलं नाही. एवढं कळल्यावर कुठल्याही औषधाच्या बाटलीवर पैसे घालायचं कारण उरत नाही.

शिवाय रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवला. सामू म्हणजे पीएच ५.६ निघाला, तर आयरिसला ६.५ ते ७ च्या आसपास हवा असतो. चुना घातला की तो वर येतो, पण महिने लागतात. म्हणून मी लावणीच्या आधीच्या शरदात घातला. किती घालायचा ते अहवालावरूनच ठरवा, अंदाजाने नको.

जिप्सम आणि वाळू: दोन्ही नकोत

चिकणमाती म्हटली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला जिप्समचा, आणि आपल्या लोकांकडून तर नक्कीच, कारण सांगली-सातारा-कोल्हापूरच्या बागायती पट्ट्यात चोपण जमिनीला जिप्सम घातलेलं आपण पाहिलेलं असतं. तिथे ते योग्यच आहे. चोपण जमिनीत सोडियम जास्त असतो, त्याने मातीचे कण विस्कटून घट्ट होतात, आणि जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला बाहेर काढतो. इथल्या आम्लधर्मी, भरपूर पावसाने धुतल्या जाणाऱ्या मातीत सोडियमच नाही. मग काढणार काय? माझी एक गोणी अशीच गेली.

दुसरा सल्ला वाळूचा. थोडी वाळू चिकणीत मिसळली तर चिकण तिच्याभोवती बसते आणि वाळल्यावर विटेसारखा गोळा होतो. फरक पडायला निम्म्याच्या आसपास वाळू लागेल. अंगणात ते कोण आणि कशाला करणार?

चिकणमाती खरोखर सुधारते ती सेंद्रिय पदार्थाने, पाचोळ्याच्या खताने, आणि तिला दोन-तीन वर्षं लागतात. ओली असताना तिच्यात पाऊल टाकायचं नाही. वाफसा नसताना काम केलं की सगळ्या वर्षाची मेहनत वाया. मुठीत घेऊन गोळा करा, अंगठ्याने दाबा. फुटला तर वाफसा आहे. अंगठ्याखाली चकाकला तर फावडं गॅरेजमध्ये ठेवून घरात या. इथे एप्रिलमध्ये ऊन पडलं की हात शिवशिवतात, पण त्या वेळी माती बहुधा चकाकतेच.

गादीवाफा

शेवटी उत्तर घरचंच होतं. साताऱ्याकडे आलं आणि हळद गादीवाफ्यावर म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर घेतात, ती पाण्याचा निचरा व्हावा म्हणूनच. खाली जाऊन माती बदलायच्या ऐवजी कंद वर आणायचा.

जागा बदलली, हे आधी सांगते. जुना वाफा छपराच्या पन्हाळीच्या नळीपासून सहा फुटांवर आणि घराच्या पूर्वेला होता, दुपारनंतर सावलीत. नवी जागा दक्षिणेला, सात-आठ तास ऊन लागणारी. हिरवळ सोलून काढली. खालची घट्ट माती काट्याने फोडली, पण उलथी केली नाही, फक्त काटा रोवून मागे-पुढे हलवला. त्यावर वरची माती तीन हिस्से आणि जुनं कुजलेलं कंपोस्ट एक हिस्सा, आणि पहिले तीन-चार इंच खालच्या मातीत मिसळून घेतले. दोन वेगळ्या मातींची सरळ रेघ खाली राहिली तर पाणी तिथेच अडतं, म्हणून हे मिसळणं टाळू नका. नुसत्या कंपोस्टचा वाफा करू नका, तो वर्षभरात खचतो, ओल धरून ठेवतो, आणि त्यातला नत्र आयरिसला मानवत नाही.

उंची मधोमध दहा इंच, कडांना उतरती. आकार पालथ्या परातीसारखा. लाकडी चौकट घातली नाही, कारण चौकटीच्या कडेला पाणी थांबताना मी पाहिलं होतं.

लावणी २०२३ च्या ऑगस्टच्या शेवटी केली. इथे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला, म्हणजे कडक थंडीआधी मुळं धरायला सहा आठवडे तरी मिळतात. उशिरा लावलेले कंद हिवाळ्यात माती गोठून-विरघळताना वर फेकले जातात. खड्ड्यात मधोमध मातीचा छोटा उंचवटा करायचा, कंद त्यावर घोड्यावर बसवल्यासारखा ठेवायचा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडायची, मुळांवर माती दाबायची आणि कंदाची पाठ उघडी ठेवायची. दोन कंदांत दीड फूट. पहिल्यांदा एकदा पाणी, मग पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा, तेही तीन-चार आठवडेच. नंतर हाताने पाणी घातलं नाही.

जुन्या वाफ्यातले जे पाच कंद वाचले होते तेच लावले. सडका भाग चमच्याने टणक, पांढरा गर लागेपर्यंत खरवडला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात पंधरा मिनिटं बुडवले, आणि जखम सुकून कातडी धरेपर्यंत दोन दिवस उन्हात वर्तमानपत्रावर ठेवले. चाकू आणि चमचा प्रत्येक कंदानंतर त्याच पाण्यात बुडवायचा, नाहीतर आपणच रोग पुढच्या कंदात नेतो.

अळी

निचरा सुधारला तरी बोरर येतो, कारण तो मातीतून नाही, पतंगाच्या अंड्यातून येतो. पतंग सप्टेंबर-ऑक्टोबरात वाळक्या पानांवर अंडी घालतो, ती हिवाळाभर तिथेच राहतात, आणि एप्रिल-मेमध्ये अळ्या बाहेर पडून पानात शिरतात. त्या वेळी पान उजेडासमोर धरलं तर ओलसर, पारदर्शक रेघ दिसते आणि कडा करवतल्यासारख्या खाल्लेल्या. तिथेच बोटांनी पान दाबलं की काम होतं. ती जून-जुलैत कंदात उतरली की तिने केलेल्या बोगद्यातूनच मऊ सड आत जाते. बऱ्याच जणांच्या बागेत हे दोन्ही एकत्र असतं आणि फक्त सड दिसते.

माझा सगळा भर नोव्हेंबरवर असतो. दव गोठवणारी पहिली कडक थंडी पडून गेली की सगळी वाळकी पानं कापून, वाफ्यावरचा पाचोळा वेचून, पिशवीत बांधून बाहेर. एका नोव्हेंबरात मी हे केलं नाही, तर पुढच्या मेमध्ये बारा पानांत अळ्या सापडल्या, आणि त्यानंतर केलं, तर दोनच. अळ्या फारच असतील तर बागेच्या दुकानात उपयोगी सूत्रकृमी (अळ्या मारणारे अतिसूक्ष्म कृमी) मिळतात. ते वसंतात संध्याकाळी ओल्या मातीवर सोडायचे.

सड नाही, पण फूलही नाही

हेही बरेच जण विचारतात. कंद खोल गेला असेल, सावली असेल, किंवा हिरवळीला टाकलेलं नत्राचं खत वाफ्यापर्यंत येत असेल. नत्राने पानं लांबलचक, मऊ होतात, फूल येत नाही आणि सडही लवकर लागते. नाहीतर गर्दी. तीन-चार वर्षांनी कंद एकमेकांवर चढतात, तेव्हा फुलून गेल्यावर सहा आठवड्यांनी उकरून विभागायचे.

मे महिन्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत जमलं तर अपर माँटक्लेअरची प्रेस्बी मेमोरियल आयरिस गार्डन्स बघून या. १९२७ मध्ये फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली ती बाग, १९२० साली स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. फुलं तर बघाच, पण वाकून कंद बघा. किती उथळ बसवलेत, किती उघडे आहेत, वाफे कसे उतरते आहेत. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा फक्त फुलांचे फोटो काढून आले होते. दुसऱ्या वेळी गुडघे टेकून खालचेच काढले.

पुण्या-मुंबईकडून कुणी विचारतं की कंद पाठवशील का. या झाडाला हिवाळ्याची खरी थंडी लागते, ती तिथल्या पठारावर आणि किनाऱ्यावर मिळत नाही. पानं येतील, फूल बहुतेक नाही. तिथे निशिगंध लावा.

नव्या वाफ्यात २०२४ च्या मेमध्ये तीन दांडे आले, २०२५ मध्ये अकरा. दोन्ही जुलैत मी रोज सकाळी जाऊन पंखे हलवून पाहिले, एकही निसटला नाही. पन्हाळीजवळची जुनी जागा मोकळी होती, तिथे सैबेरियन आयरिस लावला. त्याला दाढी नसते, कंद बारीक असतात, आणि ओलसर, जड माती त्याला चालते. आमच्या इथला जंगली निळा आयरिस तर ओढ्याच्या काठी पाण्यात पाय बुडवूनच उभा असतो. ज्यांच्याकडे दिवसभर उन्हाची आणि उंचीची जागाच नाही, त्यांनी मातीशी झगडण्यापेक्षा हेच दोन लावावेत. पाऊस पडून गेल्यावर आमच्या त्या जागी अजूनही पाणी थांबतं, आणि सैबेरियनची पानं त्यात ताठ उभी असतात.